इंद्रभानाच्या कमरेला बारा गाड्या

इंद्रभानाला लहानपणापासून तीन गोष्टींचं भेव वाटायचं. विहिरीच्या तळाचं काळं पाणी, मारका गोऱ्हा आणि बापाचं खाकरणं. त्या सालच्या चंपाषष्ठीला त्यात चौथी गोष्ट आली. ती थेट त्याच्या कमरेलाच बांधली गेली, आणि गंमत अशी की बांधून घ्यायला हा गडी स्वतःच्या तोंडानं हो म्हणून बसला होता.

महाराष्ट्र होऊन दुसरा हिवाळा लागलेला. जानेफळच्या अलीकडं सडक सोडून आत वळलं की सावळखेड लागतं. तिथं दर चंपाषष्ठीला खंडोबापुढं बारा गाड्या ओढायची रीत. बैल सोडून द्यायचे, बारा गाड्या एकीमागं एक जोडायच्या, त्यांच्यावर गावची पोरंसोरं, पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे चढायचे. मग एकट्या माणसानं कमरेला दोर बांधून ती सगळी वरात वडापासून देवळापर्यंत ओढत न्यायची. देऊळ आलं की भंडारा उधळायचा, येळकोट करायचा, आणि पुढचं वर्षभर त्या माणसानं ओट्यावर बसून मिशा पिळायच्या.

हा मान इंद्रभानाच्या बापाचा, हिंमतरावांचा. तीस वर्षं ते ओढत आले होते. गाड्या ओढायच्या आधी पाच दिवस, ते थेट भंडारा उधळेपर्यंत, ओढणाऱ्यानं बोलायचं नाही असा नेम. त्या पाच दिवसांत हिंमतराव घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसत आणि अंगभर थरथरत. अंगात वारं संचरलंय म्हणून गाव लांबूनच पाया पडे.

इंद्रभानालाही या कारभारात एक काम होतं. देवळापाशी गाड्या आल्या की शेवटच्या गाडीच्या चाकाखाली दगड सारून सगळी माळ थांबवायची. पण तेव्हा अख्खं गाव पुढं बघत असे. मागं एक पोरगा दगड घेऊन धूळ खातोय, हे त्याच्या बायकोलासुद्धा लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं.

तर त्या दिवशी दुपारी बापलेक जेवायला बसले होते. मिरचीचे वाफे कोरडे दिसले म्हणून हिंमतरावांनी लेकाला फैलावर घेतलं. म्हणाले, "मोट हाकाले काय लागते बे? चालतेत बैलं. तू तं नुसता दोरावर बसून गाणं म्हणतं."

इंद्रभानानं बापाला उलट उत्तर कधी दिलं नव्हतं. पण त्या दिवशी ठेचा जरा जास्तच तिखट असावा. ताटाकडं बघत तो पुटपुटला, "ओट्यावर बसाले तरी काय लागते."

तिकडं चुलीपाशी निराळंच पेटलं होतं. सासू सोजराबाई म्हणत होत्या, सुनेच्या भाकरीला काठच नसतात. सून कौशल्या म्हणत होती, कमरेला किल्ल्या लावून बसणाऱ्याचे हात पोळत नाहीत.

हिंमतराव उठले ते थेट देवघरातून भंडाऱ्याची वाटी घेऊनच आले. म्हणाले, उचला भंडारा. चंपाषष्ठीला देवळात भंडारा उधळेपर्यंत हा म्हणजे मी आणि मी म्हणजे हा. सोजराबाई काय मागं राहतात? त्यांनी किल्ल्या काढून सुनेपुढं टाकल्या. चौघांनी चिमूट उचलून कपाळाला लावली. आता आमच्याकडं असं आहे, मेहकरच्या कोर्टात दिवसभर खोटं बोलून आलेला माणूससुद्धा भंडारा उचलल्यावर शब्द फिरवत नाही. सोजराबाईंनी तेवढ्यात एक कलम घालून घेतलं, "कामं आन मान बदलला. नवरा जिचा तिले."

सगळे हात धुवायला उठले. तेव्हा कौशल्या हळूच म्हणाली, "मंग यंदा गाड्या कोन वढन?"

इंद्रभानाच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यानं बापाकडं पाहिलं. हिंमतराव क्षणभर पांढरे पडले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि ते धुतलेल्या हातानं पुन्हा ताटावर बसले. आणखी दोन भाकरी खाल्ल्या. आपला बाप एवढा कठोर असेल, असं इंद्रभानाला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराची सर्कस झाली. हिंमतराव पहाटे मोटेवर जात आणि असं बेसूर गाणं लावत की बैल जागच्या जागी थांबून मागं वळून बघत. दुपारी ओट्यापाशी येऊन, टोपी काढून ते लेकाला विचारत, बाबा, वाफे भरले, आता काय करू? सोजराबाई डोक्यावरून पदर घेऊन सुनेला विचारत, आत्याबाई, भाजीत मीठ किती घालू? त्यामुळं खारट झालेली प्रत्येक भाजी कौशल्येच्या नावावर लागे. गावाला तमाशा फुकट मिळाला. लोक चिलीम ओढायला मुद्दाम याच ओट्यावर यायला लागले.

हिंमतराव मात्र दिवसेंदिवस ताजे दिसायला लागले. इंद्रभान वाळायला लागला.

ओट्यावर बसणं सोपं नसतं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. येणारा प्रत्येक माणूस पाया पडे आणि त्या निमित्तानं पाय निरखून बघे. जत्रेचे पंच शंकरराव पाटील यांनी तर त्याची पोटरी बैलबाजारात दाबतात तशी दाबली. म्हणाले, पोटरी बारीक आहे, पण देवाची मर्जी. मग त्यांनी त्यांच्या आज्याच्या वेळची एक गोष्ट सुरू केली. एक गडी असाच गाड्या ओढताना ठेचकाळून पडला, आणि मागच्या गाड्या काही थांबल्या नाहीत. पुढं काय झालं ते शंकररावांनी सांगितलं नाही. फक्त पान थुंकले. ती लाल पिंक इंद्रभानाच्या डोळ्यांपुढून चार दिवस गेली नाही.

प्रतिपदेच्या आदल्या सकाळी त्यानं पिशवीत धोतर भरलं आणि सडक गाठली. लोणारला बहीण दिली होती. जत्रा उरकेपर्यंत तिच्याकडं तापानं पडून राहायचं असा बेत. यष्टी आली, हा चढला. कंडक्टर होता नेमका याच्याच शिवेवरच्या गावचा. त्यानं तिकिटाची पेटी बाजूला ठेवली, भर गाडीत इंद्रभानाच्या पाया पडला आणि सगळ्या उतारूंना सांगितलं की हेच ते, यंदा हेच ओढणार. दर्शन झाल्यावर लोकांनी अदबीनं त्याला खाली उतरवलं, पिशवी हातात दिली, आणि यष्टी निघून गेली.

प्रतिपदेला तोंड बंद झालं. इंद्रभान घोंगडीत कोपऱ्यात बसला आणि थरथरायला लागला. आईबाप ज्या कोपऱ्यात त्याला बसवून गेले, तिथल्या भिंतीला पाठीच्या उंचीवर एक गुळगुळीत डाग होता. कौशल्या त्याला दोन्ही वेळा नुसतं मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात आणून देई. दात वाजायला लागले की बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून पितळी भांडी आपटे. हे सगळं हिला कोणी शिकवलं, असा प्रश्न त्याला पडला. पण विचारता येत नव्हतं.

षष्ठीच्या सकाळी, अंगाला हळद लावताना, त्याला एकदम आठवलं. दगड! यंदा दगड बाप लावणार. आणि दगड शेवटच्या गाडीला लावायचा असतो, हे बापाला कुठं ठाऊक? त्यांनी तीस वर्षं मागं वळून बघितलं नव्हतं. पुढच्या गाडीला लावला तर मागच्या अकरा तिला रेटत नेणार, आणि तिच्यापुढं कमरेला दोर बांधलेला इंद्रभान. बोलावं तर नेम मोडतो. लिहून द्यावं तर हिंमतरावांची अक्षरांशी ओळख अंगठ्यापुरती.

वडाखाली माणसांची रीघ लागली होती. गाड्यांवर मुंगीला जागा नव्हती. हिंमतराव लेकाच्या कमरेला पट्टा बांधायला आले, कारण ते कामही लेकाचंच. बापानं पट्ट्याची गाठ आवळायच्या निमित्तानं त्याच्या कानाशी तोंड आणलं.

"इंदर, भेव वाटून राह्यलं नं?" ते म्हणाले. "मलेबी वाटे. तीस वर्स. अंगात वारंबिरं काही नव्हतं बे. तुह्या मायलेच तेवढं माहीत. मांगून गाव रेटते, गाड्या आपोआप चालतेत. तू फक्त पडजो नको."

इंद्रभान बघतच राहिला. मुगाचं वरण, भांड्यांचा आवाज, भिंतीवरचा डाग, त्या दोन भाकरी, सगळं एका दमात त्याच्या ध्यानात आलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण दगड काही विसरला नाही. त्यानं मागच्या टोकाकडं हात केला. मग दहा बोटं दाखवली, मग दोन. बारावी, बारावी गाडी. हिंमतरावांना वाटलं लेक दोन्ही हातांनी आशीर्वाद देतोय. शेवटी मानानं तो बाप होता. त्यांनी वाकून त्याच्या पायाची धूळ कपाळाला लावली आणि दगड काखेत मारून निघून गेले.

हलगी कडाडली. येळकोट येळकोट म्हणत मागून गावानं रेटा दिला आणि इंद्रभानाच्या पाठीशी बारा गाड्या कुरकुरल्या.

पहिली दहा पावलं तो ओढत होता. नंतर तो पळत होता. उतार होता, वंगण ताजं होतं, आणि मागून गाडीचं जू पाठीच्या हातभर अंतरावर हलत येत होतं. त्याला शंकररावांची पिंक दिसली आणि पायांत असं बळ आलं की गाव थक्क झालं. बाया म्हणाल्या, देवच धावतोय.

देऊळ जवळ आलं. हिंमतराव दगड घेऊन उभेच होते. त्यांना वाटलं, पहिल्या गाडीला लावावा, म्हणजे सगळ्यांना दिसेल. लावला. चाक दगडावर चढलं, पलीकडं उतरलं आणि पाठोपाठ अकराही उतरल्या. खंडोबा डाव्या हाताला राहिला आणि जत्रा पुढं निघून गेली.

देवळापलीकडं उतार आणखी तीव्र, आणि उताराच्या पायथ्याला शंकररावांचं खळं. इंद्रभानाला दोर सोडायला उसंत नव्हती. त्याला बाजूनं एक आवाज ऐकू आला. हिंमतराव टोपी पडली तरी गाड्यांच्या बरोबरीनं धावत होते आणि ओरडत होते, "पळ बे इंदर, पळ, मांगं पाहू नको." समोर कडब्याची नवी गंजी आली. इंद्रभानानं डोळे मिटून तिच्यात सूर मारला. त्याच्यामागं पहिली गाडी घुसली, दुसरी तिला धडकून आडवी झाली, आणि पाहुण्यांचे पाहुणे कडब्यात चौफेर उडाले.

मग सगळं शांत झालं.

इंद्रभान कडब्याखाली पडला होता. हातपाय हलत होते. गाडीचं जू कानाशेजारी येऊन थांबलं होतं, त्याचा तेलकट वास येत होता. वरून कोणीतरी पेंढ्या ओढून फेकत होतं.

"इंदर," हिंमतरावांचा आवाज फाटला होता. "इंदर, बोल रे बाप्पा. मीनं मारलं माह्या लेकराले. बोल नं."

बापाचा असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. ओ द्यावी म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भंडारा अजून उधळला नव्हता. नेम मोडला तर देव घरावर कोपेल. नाही मोडला तर बाप इथंच कडब्यात छाती फुटून मरेल. आजवर त्याला जितकी भेवं वाटली होती, ती सगळी मिळून याच्या पासंगाला पुरली नसती. त्यानं जीव एकवटून पाय झाडला. कडब्याबाहेर त्याचा अंगठा आला आणि हलला.

तो कौशल्येला दिसला. भंडाऱ्याचं ताट तिच्याकडंच होतं, कारण त्या दिवशी घरची सासू ती होती. देवळाकडं बघून तिनं एकदा हात जोडले आणि ताटातला सगळा भंडारा त्या गंजीवर, नवऱ्याच्या अंगठ्यावर आणि रडणाऱ्या सासऱ्यावर उधळला.

कडब्यातून आवाज आला, "बाबा, मांगच्या गाडीले लावाचा होता दगड."

हिंमतराव मटकन खाली बसले. पिवळ्याजर्द मिशांतून म्हणाले, "मंग सांगाचं नं बे."

आता खरं तर इथंच मिटायचं. पण गाव म्हणजे गाव. संध्याकाळपर्यंत पंचांनी ठरवून टाकलं की गाड्या देवळापलीकडं गेल्या त्या देवाच्याच इच्छेनं. देवाला गंजी पाहिजे होती. तेव्हा पुढल्या वर्षीपासून गाड्या गंजीपर्यंतच जातील, आणि कडबा शंकररावांनी द्यावा. शंकररावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरी मात्र कोणी हसलं नाही. शपथ संपली होती. किल्ल्या सोजराबाईंच्या कमरेला आल्या, टोपी हिंमतरावांच्या डोक्यावर. म्हणजे पुढल्या चंपाषष्ठीला ओढणार कोण, ते सांगायला नको. हिंमतराव ओट्यावर बसले होते. मिशी पिळत होते, पण इंद्रभान बघत होता त्यांच्या गुडघ्याकडं. आणखी वर्षभर होतं मधी, तरी तो गुडघा आत्तापासूनच हलत होता.

इंद्रभान उठून आत गेला आणि वाटीत उरलेला भंडारा घेऊन आला. बापासमोर त्यानं चिमूट उचलली.

"पुढल्या खेपेलेबी मीच तुम्ही," तो म्हणाला.

हिंमतरावांनी लेकाकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "आन दगड?"

"दगड मी लावीन," सोजराबाई आतून म्हणाल्या. "तुमी दोघं नुसते भेत बसा. कौशल्ये, मुंगाचं वरण दोघाईले वाढ."