ओढ्याकाठची मार्गारेट

आमच्या पोर्टगारी या कोळ्यांच्या गावात घरं एकशे दहा आणि त्यातली निम्मी फ्लेट आडनावाच्या लोकांची. पूर्वी धक्क्यावर "जॉन फ्लेट!" अशी हाक मारली की अकरा माना वळायच्या. म्हणून घराण्यागणिक टोपणनाव. कुणी पम, कुणी शेवी, कुणी कॉस्टी. एकतीस वर्षं मी गावात टपाल वाटलं, त्यामुळे कोण कुठला फ्लेट हे मला तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंगळवार-गुरुवार बसायला लागले. जुन्या जनगणनेचे कागद, चर्चच्या नोंदवह्या बघायच्या आणि लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचे. येणारे बहुतेक कॅनडाचे, इथून तिकडे गेलेल्यांचे वंशज. सगळ्यांना सरदार हवा असतो, निघतो हेरिंग मासे खारवणारा.

एल्स्पेट फ्लेट मात्र भलतंच काम घेऊन आली.

"नोरा, विल्माचं खानदान काढ," कोटसुद्धा न उतरवता ती म्हणाली. "काहीतरी वाईट शोध. चोर, दारुडा, काय मिळेल ते."

"अगं, हे वाचनालय आहे, पोलीस चौकी नव्हे."

"परत सीगलना पाव घातला तिनं! माझ्या वाळत घातलेल्या तीन चादरी घाण केल्या त्यांनी."

एल्स्पेट आणि विल्मा शेजारणी. मधे कपडे वाळवायचं सामाईक हिरवळीचं अंगण, आणि त्या अंगणावरून एकोणीस वर्षं अबोला. अबोला म्हणजे एकमेकींच्या घरात पाऊल टाकायचं नाही. भिंतीवरून बोलणं भरपूर. विल्मा चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष, आवाज मधासारखा. एल्स्पेटचा जन्म माशांना धुरी देण्याच्या कारखान्यात गेला, तिचा आवाज तिथल्या भोंग्यावर मात करणारा.

मी नको म्हणायला हवं होतं. पण बाहेर पाऊस होता, कॅनडाचं कुणी येणार नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही उत्सुकता होती. मी चर्चच्या पंचांची १७९३ सालची वही संगणकाच्या पडद्यावर उघडली. गावातली भांडणं, लफडी, रविवारी जाळी विणणं, सगळ्याचा न्याय तेव्हा पंच करायचे आणि कारकून शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा.

तासाभरात सापडलं. जॉन फ्लेटची बायको, ओढ्याकाठच्या घरातली मार्गारेट, हिनं भर रविवारी चर्चच्या दारात दुसऱ्या एका मार्गारेट फ्लेटला ऐकवलं होतं: "तुझ्यापेक्षा उन्हात तीन दिवस पडलेला कॉड मासा बरा, तो निदान गप्प पडून असतो. तुझा नवरा मासे धरायला जात नाही, तुझ्यापासून सुटायला जातो." शिक्षा: तीन रविवार साऱ्या गावासमोर पश्चात्तापाच्या बाकावर बसणे.

"ओढ्याकाठचं घर!" एल्स्पेटनं टाळी वाजवली. "विल्माचंच! तिचे आजोबाही तिथेच राहायचे. बघ, तोंडाळपणा रक्तातच आहे बयेच्या."

दुसऱ्या दिवशी तो उतारा प्लास्टिकमध्ये मढवून वाळवणाच्या खांबाला टांगलेला होता.

गुरुवारी विल्मा आली. हातात घरच्या शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा, चेहरा शांत. "नोराबाई, त्या घरात माझ्या आजोबांच्या आधी कोण राहायचं गं? आजोबा १८९४ साली तिथं आले, एवढं मला ठाऊक आहे."

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. मी १८४१ची जनगणना उघडली. गणती करणाऱ्या माणसाची बिचाऱ्याची मार्गारेट फ्लेट लिहून लिहून पंचाईत झाली असावी, कारण प्रत्येक नावापुढे त्यानं टोपणनावही घातलं होतं. ओढ्याकाठच्या घरासमोर स्वच्छ लिहिलं होतं: मार्गारेट फ्लेट, शेवी. विधवा, वय सत्तर.

विल्मा आहे पम. आणि एल्स्पेटची आई शेवी, हे गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. जन्ममृत्यूच्या नोंदी जुळवल्या. तोंडाळ मार्गारेट एल्स्पेटच्या आईची खापरपणजी निघाली.

विल्मानं रुमालानं डोळे टिपले. हसून हसून आलेलं पाणी होतं ते. "आता तू फक्त गप्प बस," ती म्हणाली. मला गप्प बसणं जमत नाही, पण शॉर्टब्रेड चांगलं होतं.

शनिवारी चर्चच्या सभागृहात मंडळाचं दुपारचं जेवण. हॅडॉक माशाचं दाट सूप झालं, पुडिंग यायचं होतं. विल्मा उठली. "आपल्या एल्स्पेटला जुना कागद सापडलाय. एल्स्पेट, वाच ना सगळ्यांसाठी."

एल्स्पेटला वाटलं, सूर्य पश्चिमेला उगवला. तिनं चष्मा चढवला आणि कॉडपासून बाकापर्यंत सगळं हावभावांसकट वाचलं. लोक पोट धरून हसले.

"वा!" विल्मा म्हणाली. "नोरा, आता दुसरा कागद दाखव."

मी भिंतीवरच्या पडद्यावर जनगणनेचं पान लावलं. एल्स्पेटनं मोठ्यानंच वाचायला घेतलं, "मार्गारेट फ्लेट, शे..." आणि थांबली. तिच्या मानेवर लाल डाग उमटले. मला वाटलं, ही आता निघून जाणार.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "हे माझ्या पणजीनं म्हटलेलं?"

"खापरपणजीच्याही वरची," मी म्हटलं.

"आणि ऐकून घेणारी हिची?"

"हो. नोंदी जुळवताना कळलं, ती पम."

एल्स्पेट ताठ उभी राहिली. "मग मगाशी मी नीट वाचलं नाही. परत वाचते." आणि तिनं वाचलं, थेट विल्माकडे बघत, कॉडवर असा जोर देऊन की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या सँडीनं टाळ्या पिटल्या. विल्माचा डाव सपशेल उलटला होता.

तेवढ्यात सँडीच्या बायकोनं, आयलानं, पडद्याकडे बोट केलं. "ती खालची ओळ कुणाची गं?"

मी ती ओळ पाहिलीच नव्हती. त्याच घरात, त्याच छपराखाली: मार्गारेट फ्लेट, पम. विधवा, वय सत्तर.

"एका घरात?" विल्मा पुटपुटली. "म्हणजे रोज हे ऐकायचं? सकाळ-संध्याकाळ?"

"बाकावर बसवूनही दोघींची जोडी काही सुटली नव्हती म्हणायची," आयला म्हणाली.

एल्स्पेटनं पडद्याजवळ जाऊन त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एक आहे. ते घर मुळात आमचं. तुझी मार्गारेट त्यात पाहुणी होती."

"पाहुणी? अगं, तुझ्या त्या म्हातारीला सांभाळायला गेली असेल बिचारी!"

"असं कुठं लिहिलंय? दाखव!"

भांडत भांडतच दोघी बाहेर पडल्या, पुडिंग न खाता. मी सभागृहाच्या खिडकीतून पाहिलं, ओढ्याकाठचं घर तिथून भिंतीपलीकडेच. विल्मानं दाराची किल्ली काढली आणि एल्स्पेट तिच्यामागून आत गेली. पाच मिनिटांत भिंतीपलीकडून एल्स्पेटचा आवाज आला, "हे असले पडदे लावतात का गं कुणी?"