भिंतीलगतचा ऊस

कुंदनचा जन्म उधन्याचा. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात तो शिकला, जेवला, झोपला. मशीन बंद पडलं की उलट त्याला जाग यायची. पण पलसाण्याच्या पुढं, हायवे सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या गावाच्या कडेला त्यानं रो-हाऊस घेतलं, आणि तिथं एका कोंबड्यानं त्याची झोप उडवली.

"अगं, हा रोज पहाटे माझ्या कानात ओरडतो," तो योगिताला म्हणायचा.

योगिता हसायची. तिचं बालपण शिरपूरकडच्या खेड्यात गेलं होतं. कोंबडा, शेण, चुलीचा धूर यांचं तिला काहीच वाटत नव्हतं. कुंदन मात्र डाईंग मिलमध्ये कलर मास्टर होता. दिवसभर वाफेत आणि रंगाच्या वासात उभं राहून घरी आल्यावर त्याला स्वच्छ हवा आणि शांतता हवी होती. त्यासाठीच तर उधना सोडलं होतं.

सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून भूपेंद्रभाईंचा ऊस होता. सोसायटी उभी होती ती जमीनही एके काळी त्यांच्याच चुलत्यांची. भूपेंद्रभाई पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला मऊ. तोडीला दरवर्षी खानदेशातून टोळ्या यायच्या, त्यांच्यात वावरून ते मराठी चांगलं बोलत. योगिता राहायला आली तेव्हा त्यांची बायको उषाबेन पापडी आणि रताळी घेऊन आली होती.

पहिल्याच हिवाळ्यात ऊस जाळला. तोडणी सोपी व्हावी म्हणून तिकडं उभा ऊस पेटवून पाचट जाळतात. संध्याकाळी अर्धं आभाळ लाल झालं आणि काळी राख सगळ्यांच्या गच्च्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर पडली. कुंदन तेव्हा नुकताच सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता. त्यानं तक्रार केली. अधिकारी आले. भूपेंद्रभाईंना कचेरीत बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते गेटवर आले. "कुंदनभाई, तुमच्या मिलची चिमणी बारा महिने धूर सोडते. आमचा एक संध्याकाळचा."

"मिलची तक्रार मिलवाल्यांकडं करा. इथं लहान मुलं आहेत."

"बरं. मग तुम्हाला काय काय नको, ते एकदाच सांगून टाका."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुंदनला ते बरं वाटलं, आणि त्यानं सांगून टाकलं. म्हशी सोसायटीच्या रस्त्यानं नेऊ नका. तुमचे मजूर भिंतीजवळ येऊन बसतात, बायकांना अवघडतं, त्यांना भिंतीकडं फिरकू देऊ नका. आणि ते थाळी वाजवत ओरडणं बंद करा.

ओरडणं म्हणजे गावाची जुनी रीत. ऊस पेटवायच्या आधी एक माणूस शेताभोवती थाळी बडवत, हाका घालत फिरायचा. सोसायटीतल्या मुलांच्या परीक्षा चालू होत्या.

"बस, एवढंच?" भूपेंद्रभाई म्हणाले. "तुम्ही म्हणता तसंच होईल."

आणि तसंच झालं. म्हशी लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या. कोंबडासुद्धा ऐकू येईना. त्याचं काय केलं कोणी सांगितलं नाही. उषाबेन समोरून आली की पदर सारखा करून बाजूनं निघून जायची. गावातल्या दुकानात योगिता शिरली की बोलणं थांबायचं. सामान मिळायचं, सुटे पैसे मिळायचे, पण एक शब्द जास्तीचा नाही. सोसायटीनं भिंत उंच केली, वर काचा रोवल्या, कॅमेरे लावले. कुंदन गाढ झोपू लागला. योगिताला मात्र आता झोप लागत नव्हती.

"गाव एवढं गप्प नसतं हो," ती एकदा म्हणाली.

"शांतताच तर हवी होती ना आपल्याला?"

पुढच्या तोडीला टोळी आली. बैलगाड्या, पालं, चुली. योगिता गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा तिला दिसलं की शेताच्या तीन बाजूंनी ऊस कापून रुंद पट्टा मोकळा केलाय. आग बाहेर जाऊ नये म्हणून असा पट्टा काढतात, हे तिला माहीत होतं. चौथ्या बाजूला, भिंतीलगत, ऊस तसाच उभा होता. वाळलेलं पाचट काचांना टेकलं होतं.

ती तशीच पालांकडं गेली. मुकादमाची बायको सुंदरा भाकरी थापत होती. साक्रीकडची. योगिता अहिराणीत बोलल्यावर तिचा चेहरा उजळला, पण भिंतीचं नाव काढताच ती इकडंतिकडं पाहू लागली.

"आमले भिंतजोडे जावानी मनाई शे, माय. शेठनी सांगेल शे."

योगिता भूपेंद्रभाईंच्या घरी गेली. ते झोपाळ्यावर बसले होते.

"भूपेंद्रभाई, भिंतीकडचा पट्टा राहिलाय."

"राहिला नाही, बेन. मजुरांना तिकडं पाठवायचं नाही असं तुमच्या साहेबांनीच सांगितलंय. तुमचे कॅमेरे आहेत तिथं."

"आग भिंतीपर्यंत येईल."

"भिंत उंच केलीय ना तुम्ही?" ते म्हणाले आणि पायानं झोपाळ्याला हलका रेटा दिला.

घरी येऊन तिनं कुंदनला सगळं सांगितलं. तो घाबरला नाही, उलट त्याचे डोळे चमकले. "पेटवू दे. या वेळी मी पुरावाच ठेवतो. कोण पेटवतं, कुठून पेटवतं, सगळं मोबाइलवर घेतो. कॅमेऱ्यात फक्त भिंत येते."

"तुम्ही पट्टा कापायला परवानगी द्या. जाऊन सांगा त्यांना. मी येते सोबत."

"म्हणजे मी त्यांच्या दारात जाऊन हात जोडू?"

त्यानंतर दोन दिवस तो मिलमधून लवकर घरी येत होता. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर भूपेंद्रभाई पलीकडच्या बांधावर दिसले. हातात काठी, काठीच्या टोकाला रॉकेलचा बोळा. थाळी वाजली नाही. हाक आली नाही. योगिता गच्चीवर धावली. कुंदन तिथं असेल असं तिला वाटलं होतं. तो नव्हता. शेजारचा नितीन आपल्या गच्चीवरून म्हणाला, "वहिनी, कुंदनभाऊ मागच्या गेटनं बाहेर गेले. इथून चेहरे दिसत नाहीत म्हणाले."

तिनं खाली पाहिलं. भिंतीपासून थोडं आत, उसाच्या सरीत, त्याचा पांढरा शर्ट दिसला. तो वाकून, लपून पुढं सरकत होता.

"भूपेंद्रभाई!" ती ओरडली. "आत माणूस आहे! थांबा, आत माणूस आहे!"

शेत लहानच होतं. वारा पडलेला. भूपेंद्रभाईंनी मान वर केली. सरळ तिच्याकडं पाहिलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग खाली वाकले आणि काठी पाचटाला लावली.

आग आधी सरपटत आली, मग उठली. ऊस फटाफट फुटू लागला. कुंदनला काय झालं ते कळलं तेव्हा तो भिंतीकडं पळाला. भिंतीवर चढायला त्यानं हात टाकला आणि काचा तळहातात घुसल्या. तो पडला, पुन्हा उठला. नितीननं काचांवर गादी फेकली, कोणी पाण्याचा पाइप सोडला, पण धुरात तो दिसेनासा झाला. फक्त त्याचा आवाज येत होता. तो योगिताचं नाव घेत होता.

ती जिने उतरून मागच्या गेटनं धावली. तिच्या आधी सुंदरा पोचली होती, आणि तिचा नवरा पंडित. आग अजून पोचली नव्हती त्या कोपऱ्यातून दोघं कोयत्यानं ऊस आडवा करत भिंतीच्या कडेकडेनं आत शिरले. पाठोपाठ टोळीतले आणखी काही जण. "शेठ काय म्हणीन!" कोणीतरी ओरडलं. पंडितनं मागं वळूनही पाहिलं नाही. त्यानं कुंदनला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. पाठीचा शर्ट कातडीला चिकटला होता.

कुंदन वाचला. पाठ भरून यायला बरेच दिवस लागले. उजव्या हाताची बोटं मात्र पुरी मिटेनात.

हॉस्पिटलमध्ये पोलीस आले. सोसायटीतले लोक योगिताला आधीच सांगून गेले होते, "त्यानं मुद्दाम केलं असंच सांगा." तिनं एवढंच सांगितलं, की मी ओरडले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ऐकू आलं की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही. नितीन नाराज झाला. कुंदन भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

मग एका दुपारी भूपेंद्रभाई आणि उषाबेन भेटायला आले. उषाबेननं नारळपाणी आणलं होतं. कुंदन झोपला होता.

"थाळी वाजली असती तर साहेब बाहेर आले असते," भूपेंद्रभाई हळूच म्हणाले. "आत कोणी आहे का, हे बघायलाच ती वाजवतात, बेन."

"तुम्हाला माझी हाक ऐकू आली होती?"

ते खिडकीकडं पाहत राहिले. "पंप चालू होता. काही ऐकू आलं नाही."

उषाबेननं चटकन नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. योगितानं तेवढं टिपलं. ऊस पेटवला त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. संध्याकाळी कुठलाच पंप चालत नव्हता. गावात सगळ्यांना ते माहीत होतं.

ती उठली. त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. दुसऱ्या दिवशी एकटीच पोलीस चौकीत गेली आणि भूपेंद्रभाई पंपाचं खोटं बोलले हे सांगून आली. नितीनला नाही, कुंदनलाही नाही, कोणालाच आधी विचारलं नाही.

परत येताना हायवेवर उतरून तिनं गावातल्या रिक्षाला हात केला. रिक्षावाल्यानं तिला ओळखलं, वेग कमी केला, आणि न थांबता पुढं गेला. ती चालत निघाली. दोन्ही बाजूंना ओटे होते, ओट्यांवर माणसं होती. ती जवळ आली की गप्पा थांबत होत्या. बातमी तिच्या आधी पोचली होती. भूपेंद्रभाईंच्या घराचं दार बंद होतं, पण आत झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. ती घरासमोरून जाऊ लागली तशी करकर थांबली.

योगितानं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि चाल तशीच ठेवली. तिला पळायचं नव्हतं. उद्याही याच रस्त्यानं जायचं होतं.