मोठ्या आवाजाची सिस्टर

त्या सिस्टरचा आवाज खणखणीत होता. वॉर्डात पाठीमागे सगळे तिला 'भोंगा' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि थोडा अभिमानही होता. ठार बहिऱ्या आजोबांनाही तिनं सांगितलेलं पथ्य एका दमात कळायचं. पेशंटला समजवावं तर हिनंच, असं डॉक्टरही म्हणत.

सलूनवाल्या काकांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटावर आतड्याचं तोंड काढून त्याला पिशवी लावली होती. शौचाला आता तीच वाट. घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनं त्यांना पिशवी बदलायला शिकवलं, तेही व्हरांड्यातल्या टेबलाशी. आतली खोली रिकामी नव्हती आणि बाकावर आणखी सहा जण ताटकळत होते.

"हे बघा काका, या चिकट चकतीला भोक पाडायचं ते मोजून. मोठं झालं की घाण कातडीला लागणार, कातडी सोलणार. कळलं?"

"कळलं," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

"आणि वास आला तर लाजायचं नाही! सगळ्यांच्याच पोटात असतं ते!"

बाकावर हशा पिकला. कुणीतरी नाकाला रुमाल लावून दाखवला. सिस्टरही हसली, तेवढंच काकांचं मन हलकं होईल, असं तिला वाटलं. काकांनी पिशव्यांचं पुडकं काखेत मारलं आणि "कळलं, कळलं" करत काढता पाय घेतला.

तपासणीला ते आलेच नाहीत. दोन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "खोलीतून बाहेर पडत नाहीत हो. जेवणही अर्ध्यावर आणलंय, पिशवी भरू नये म्हणून."

दुपारी ड्यूटी संपल्यावर सिस्टर तडक त्यांच्या घरी गेली. वाटेत तिनं चांगली खरडपट्टी जुळवून ठेवली होती. पुढे दुकान, मागे घर. दुकानातल्या खुर्चीवर चादर टाकलेली. काका आत खाटेवर होते, पोटाशी टॉवेल धरून.

"काका, मी एवढं समजावून सांगितलं—"

"हळू बोला. भिंत पातळ आहे."

त्यांनी सदरा वर केला. पिशवीभोवतीची कातडी लालबुंद, सोललेली. चकतीचं भोक दुप्पट मोठं कापलेलं.

"मोजून कापा म्हटलं होतं ना?"

"म्हटलं असेल. सगळे माझ्याकडे बघतायत, एवढंच मला कळत होतं. तीस वर्षं लोकांची डोकी बघतोय, सिस्टर. कुणाला चाई असते, कुणाला खवडे. आधी पडदा ओढायचा, मग टोपी काढायची. खुर्चीतल्या माणसाची गोष्ट मी कधी बाकावरच्याला ऐकवली नाही."

सिस्टरचे कान तापले. रांग होती, खोली नव्हती, हे सगळं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. त्या टेबलाशी वीस वर्षांत किती जणांनी खाली मान घालून "कळलं" म्हटलं असेल? अंगावर पांघरूण ओढून घेणारी एक तरुण मुलगी तिला आठवली. तिचं दुखणं काय होतं, ते त्या दिवशी अख्ख्या व्हरांड्याला कळलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सिस्टरला झालं.

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?" दारातून काकूंनी विचारलं. ऐकू आलंच नव्हतं. मग तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं.

तिनं कातडी धुऊन कोरडी केली, पावडर लावली, माप घेऊन कागदावर गोल काढला. "आता तुम्ही करून दाखवा."

काकांनी मिशा कोरायची कात्री उकळून आणवली आणि नवी चकती इतकी नेमकी कापली की सिस्टरला बोलायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मेट्रनशी भांडली आणि बादल्या-झाडू बाहेर काढून अडगळीची खोली मिळवली. खोलीला दार होतं. आता ती "कळलं का?" विचारत नाही, दार लावते आणि "करून दाखवा" म्हणते.

दहा-बारा दिवसांत काकांची कातडी भरून आली, पुढे दुकानही उघडलं. दवाखान्यात मात्र ते पुन्हा आले नाहीत. पिशव्या न्यायला काकूच येतात. "काका बरे आहेत ना?" सिस्टर दर वेळी विचारते. "बरे आहेत," काकू सांगतात. त्यापुढे काही विचारायचं तिला धैर्य होत नाही.