हिरीचं रक्त कुणी प्यायलं?

शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंडलिक भगत लिंबू कापणार होता, आणि त्याचं लिंबू खोटं बोलत नाही ही ख्याती थेट किन्हवलीपर्यंत पोचली होती. साल अठ्ठ्याण्णव.

आदल्या दिवशी देवरामची बायको हिरी शेतात कोसळली आणि घरी आणेपर्यंत गेली. धडधाकट पोरगी, पण अंग तांदळाच्या पिठासारखं पांढरं पडलेलं. जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. मरण अचानक आलं म्हणून पोलिसांनी तिला शवविच्छेदनासाठी तालुक्याला नेलं. देवराम सोबत गेला. इकडे कुंडलिकला रान मोकळं.

"रक्त गेलं कुठं? भुताळीनं प्यायलं! माझ्या वेताळाला समदं दिसतं, त्याला चष्मा लागत नाय!"

वेताळाला दिसली ती भिमी. विधवा, एकटी, आणि परवा तिने हिरीला भाकरी दिलेली. मागच्या महिन्यात तिने कुंडलिकला कोंबडा नाकारला होता, त्याबद्दल मात्र वेताळ काही बोलला नाही.

कुंडलिकने भिमीवरून लिंबू ओवाळून कापलं. लालभडक रस गळला. बायका किंचाळल्या, दोघातिघांनी काठ्या उचलल्या. मी आडवा गेलो तर मलाच ढकललं. भिमी खांबाला धरून म्हणत होती, "मी काय नाय केलं रे. पोरीवाणी व्हती ती माला."

तेवढ्यात जीप आली. देवराम उतरला, मागून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाई. हिरीचं रक्त कोण प्यायलं, असं देवरामनेच त्यांना विचारलं होतं. ते ऐकून त्या स्वतः निघाल्या होत्या.

"काठ्या टाका," देवराम म्हणाला. "रक्त तिच्या पोटातच व्हतं."

"हिरीला दिवस गेले होते," बाई म्हणाल्या. "गर्भ पिशवीत न रुजता बाजूच्या नळीत वाढला. नळी फुटली आणि रक्त पोटात साचलं. बाहेर दिसणार कसं? कुणी प्यायलं असतं, तर मला ते तिथं सापडलं नसतं."

"मंग लिंबू लाल कसा झाला?" कुंडलिक उसळला.

बाईंनी भिमीचा विळा मागवला आणि त्याच लिंबाचं उरलेलं अर्धं चिरलं. साधा, पांढरट रस.

"बाईमाणूस बघून वेताळ गेला!"

"मग परत बोलावू." बाईंनी कुंडलिकची सुरी उचलून दुसरं लिंबू कापलं. लालभडक! "सुरीवर जास्वंद चोळून वाळवलीय. आंबट लागलं की लाल होते. घरी करून बघा."

पाड्याला हसू फुटलं. कुंडलिक गाठोडं आवरू लागला. देवराम मात्र हसला नाही.

"बाई, परवा सांजंला तिचं पोट दुखत व्हतं. चक्करपण आली. मी तिला ह्याच्याकडं नेली, या कुंडलिककडं. त्यानं अंगारा लावला. तवाच तुमच्याकडं आणली असती तर?"

बाई त्याच्याजवळ गेल्या. "ऑपरेशन करता आलं असतं. बहुतेक वाचली असती."

हसणं जागच्या जागी थांबलं. काठीवाले मान खाली घालून उभे राहिले. देवराम मटकन खाली बसला, तेव्हा त्याला सावरायला भिमीच पुढे झाली.

मंडळी, पाळी चुकलेल्या बाईचं ओटीपोट दुखलं, भोवळ आली, तर अंगारा शोधू नका, गाडी शोधा. आणि माणूस गेलंच, तर कुणी खाल्लं हे विचारू नका. कशानं गेलं ते विचारा, म्हणजे पुढची तरी वाचेल.