उजवी पाकळी

बाबली गुरवाने बोटं तांब्यात बुडवली, तगरीची एक पाकळी देवाच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला चिकटवली, दुसरी डाव्या अंगाला. मग तो मागे सरला आणि हात जोडले. गाभाऱ्याबाहेरची माणसं नकळत एक पाऊल पुढे आली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," बाबलीने गाऱ्हाणं सुरू केलं, "आज ह्यां तुजां लेकरू भिकाजी तुज्या पायांकडे उभां आसा."

"व्हय म्हाराजा."

"जन्मभर तेणां तुजां नाव गायलां. आता तेच्या आख्यानांचां बूक होवचां आसा काय नाय, तां तुका इचारता. होवचां आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी. काय तो निवाडो तू कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भिकाजीबुवा धुरी डाव्या पाकळीकडे बघत होते. देवापुढे उभं राहताना मनात इच्छा ठेवू नये, असं त्यांनी किनाऱ्यावरच्या कितीतरी देवळांत कीर्तनातून सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचे स्वतःचे डोळे भरून येत. आज मात्र ते मनातल्या मनात देवाची विनवणी करत होते. डावी दे. एवढी एक डावी दे, म्हणजे मी सुटलो.

डाव्या पाकळीखालून पाण्याचा थेंब ओघळला. पाकळी हलली, थोडी सरकली आणि तिथेच राहिली. मग काही हललं नाही. बाहेर कुणीतरी खोकलं. आणि उजवी पाकळी अलगद सुटून देवाच्या पायाशी पडली.

"उजवी दिल्यान," गावचे मानकरी गणपत परब म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवली.

बुवांनी डोकं टेकलं. ते वर उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

बुवांची आख्यानं कुठल्या वहीत नव्हती. ती घशात होती. लिहायला बसलं की ओळी अंग चोरून घेत. उभं राहून टाळ वाजला की सगळ्या धावत येत. पण गेल्या वर्षापासून घसा बसू लागला होता. जामसंड्याच्या वैद्यांनी ज्येष्ठमध दिलं, मान हलवली आणि आवाज जपून वापरा म्हणाले. कीर्तनकाराने आवाज जपून वापरायचा म्हणजे काय करायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

अशात परबांच्या ओळखीतून मनोहरपंत केणी आले. मुंबईच्या सागरतारा ग्रंथमंडळाचे मालक. पांढरी टोपी, जिभेवर खडीसाखर. सही झाली की आपण लेखनिक पाठवू, तो समोर बसून सगळी आख्यानं उतरवून घेईल, असं ते म्हणाले. कागदाचा खर्च तेवढा लेखकाचा. त्यांनी नमुन्याला एक पुस्तक दाखवलं. शिरोड्याच्या हरिश्चंद्र मास्तरांची पदं, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. बुवांनी त्यावरून हात फिरवला आणि ते कपाळाला लावलं. पुढे आपल्या घशाचं काहीही होवो, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

मागल्या आठवड्यात शिरोड्यालाच त्यांचं कीर्तन लागलं. पूर्वरंग संपला, कुणी गळ्यात हार घातला, बुक्का लावला. या मध्यंतरात कीर्तनकार घोटभर पाणी पितो आणि श्रोत्यांतल्या एखाद्या गुणी माणसाला टाळ देऊन पद म्हणायला सांगतो. तो मोठा मान असतो आणि त्याला नाही म्हणायची रीत नाही. बुवांनी पहिल्या रांगेत बसलेल्या हरिश्चंद्र मास्तरांपुढे टाळ धरले.

"मास्तर, तुमचांच एक पद होवंदे. बुकातलां."

मास्तरांनी टाळ हातात घेतले, कपाळाला लावले आणि परत दिले. मंडपात कुजबूज उठली. बुवांनी स्वतःच नामगजर सुरू केला. पण उत्तररंगात त्यांचं लक्ष लागलं नाही.

कीर्तन संपल्यावर मास्तर माडांखाली वाट बघत उभे होते.

"रागावलास काय, बुवा?"

"रागावलंय नाय. पण टाळ परत कित्याक दिलास?"

"तां पद आता माजां नाय." मास्तर वाळूकडे बघत बोलत होते. "सगळे हक्क तेंका दिलंय. शाळेच्या संमेलनात पोरांनी एक पद गायलां, तर मुंबयसून वकिलाची नोटीस इली. सही माजीच आसा, बोलतलंय काय?"

"सगळे हक्क म्हंजे?"

"सगळे म्हंजे सगळे. आंघोळ करताना मी गुणगुणूक लागलंय, तर बायल धावत येवन दार लावून घेता." ते थोडे हसले. "मी चार बुकां बघितलंय तेंची. सोनेरी अक्षरां, कापडी पाठ. पण ती ज्येंची बुकां, तेंका जावन इचारूचां माज्या डोक्यातच इलां नाय."

बुवा घरी परतले तेव्हा केणी सहीसाठी बोटीने येऊन परबांकडे उतरलेले होते. पाहुण्यासाठी सरंगा मासा रांधला होता. परबांनी आसपासच्या वाड्यांत सांगून टाकलं होतं की आमच्या बुवांचं बूक येतं. कागदाच्या खर्चासाठी विहिरीकडचा फणस विकायचं ठरलं होतं. लाकूडवाला येऊन त्याच्या बुंध्यावर गेरूची फुली मारून गेला होता. रस्त्यात भेटेल तो बुवांकडे अशा अभिमानाने बघायचा, की त्यांच्या तोंडातला नकार तोंडातच राही. आणि रात्री अंथरुणावर पडलं की त्यांना स्वतःच्या आख्यानातल्या गजेंद्राची आठवण येई. पाय मगरीच्या तोंडात, सोंडेत कमळ, आणि तळ्याकाठी उभे राहून कौतुकाने बघणारे बाकीचे हत्ती.

मग त्यांना कौल सुचला. देवाने डावी दिली, की कुणाला दुखवायला नको. परब गप्प बसतील, केणी टोपी सावरून बोटीला जातील. बाबलीला गाऱ्हाण्याचे शब्द त्यांनी स्वतः सांगितले होते.

आणि देवाने उजवी दिली.

दुपारी केणी बुवांच्या ओटीवर लोडाला टेकून बसले. परब त्यांच्या शेजारी, बाबली खालच्या पायरीवर तंबाखू मळत. बुवांच्या पत्नी यशोदाबाईंनी सोलांचं सरबत आणून ठेवलं आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या. जाता जाता त्यांच्या तोंडून गजेंद्राचीच एक ओळ निसटली होती. घरात कामाच्या नादात त्या बुवांची पदं म्हणत, आणि बुवा आतून बाहेरून ओरडत, ताल सोडलंस गो. आज ते काही बोलले नाहीत.

"उद्याची बोट शेवटची," केणी म्हणाले. "मग पावसाळाभर बंदर बंद. म्हणून घाई करतो, बुवा. आणि प्रत्यक्ष देवाचा कौल मिळाल्यावर आम्ही माणसांनी आणखी काय बोलायचं?"

त्यांनी कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन बुवांच्या हातात दिलं. पेन काळं, जाड, बरंच जड होतं.

बुवांनी ते बोटांत फिरवलं. केणींशी ते शाळेत शिकलेल्या मराठीत बोलत.

"शेठ, एक विचारू का? शिरोड्याच्या मास्तरांचं एक पद मला आवडतं. कीर्तनात घेतलं तर चालेल?"

"घ्या की. आपण आता घरचे झालात. मी परवानगीचं पत्र देतो, पैसाही घेणार नाही."

"आणि मास्तरांनीच म्हटलं तर?"

केणी मायेने हसले. "त्यांनी आधी कळवायला हवं. नियम सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो."

"मग उद्या मी इथे रवळनाथापुढे माझं गजेंद्राचं आख्यान लावलं तर?"

"आपण एक कार्ड टाकायचं. मी नाही कशाला म्हणेन?"

दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बुवांनी ओटीवरून बाहेर पाहिलं. विहिरीजवळच्या फणसावर गेरूची फुली दिसत होती, आणि माडांच्या वर देवळाचा कळस. तिथवर चालत जायला त्यांना पान लावायला लागतो तेवढा वेळ लागे.

त्यांनी टोपण पेनाला बसवलं, घट्ट फिरवलं, आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"माका नको, शेठ."

केणींना ते कळायला क्षणभर वेळ लागला. बुवा त्यांच्याशी गावच्या बोलीत कधी बोलले नव्हते. परबांना मात्र लगेच कळलं.

"काय नको? बुवा, देवान उजवी दिल्यान. गावान बघितल्यान."

"दिल्यान. मी खंय नाय म्हणतंय? बूक होतलां." बुवांचा आवाज खरखरत होता. "पण गणपतभाऊ, गाराण्याचे शब्द माजे होते. बूक होवचां काय, इतक्याच इचारलंय. ह्येंचां नाव तेतूर नव्हतां."

परबांनी बाबलीकडे पाहिलं. बाबलीने तंबाखू तोंडात टाकली.

"नव्हतां खरां," तो म्हणाला.

"मगे परत लावूया," परब उठले. "ह्येंचां नाव घालून. चल रे बाबली, आंघोळ कर."

बाबली अर्धवट उठला. केणी बुवांकडे बघत होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण भीतीही नव्हती. बुवांच्या डोळ्यांपुढे पुन्हा ती पाकळी आली. ओली, पांढरी, सुटायला आलेली. परत उजवीच पडली तर?

"बस, बाबली," ते म्हणाले. "कौल नको."

"कित्याक? देवाक भियालास?"

"सकाळी मी देवाक फसवूक गेल्लंय, भाऊ." बुवा मान खाली घालून बोलत होते. "नाय म्हणूचां काम माजां. तुमका वायट वाटतलां म्हणान तां मी तेच्यावर ढकललंय. तेणां माजां ऐकल्यान नाय. आता परत तेका मदी घालूचो नाय. नाय मीच म्हणतंय. तुमी माज्यावर रागवा."

परबांनी चपला पायात सरकवल्या आणि येतो असंही न म्हणता अंगण ओलांडलं. या घरातून ते असे कधी गेले नव्हते.

केणींनी कागदाची नीट घडी केली, पेन खिशाला लावलं आणि ग्लासात उरलेलं सरबत संपवलं.

"मला राग नाही, बुवा," ते उठता उठता म्हणाले. "पण एक सांगतो. पावसाळा सरला की बोटी पुन्हा चालू होतील. तेव्हा आपला आवाज असेल का, याचा विचार करा. मी आलो तर काय उतरवून घेणार?"

केणी दगडी गडग्यापलीकडे दिसेनासे झाले, तरी बुवा तसेच बसून होते. बाबली थोडा वेळ सोबतीला थांबला, मग देवाची दिवाबत्ती करायची म्हणून तोही गेला.

यशोदाबाईंनी तुळशीपुढे दिवा लावला. उदबत्तीचा वास अंगणात पसरला. त्या ओटीच्या कडेला येऊन बसल्या.

"फणसाचां काय करूचां?"

"ऱ्हवंदे. फुली पावसात धुवान जातली."

"आणि आख्यानांचां?"

बुवांनी खुंटीवरचे टाळ काढले आणि मांडीवर घेतले. बोलण्यापेक्षा तेच सोपं होतं. त्यांनी एकदा टाळ वाजवला, डोळे मिटले आणि गजेंद्राचं पद धरलं.

"ओढी जळाकडे नक्र, ओढी थडीकडे प्राण..."

प्राणावर आवाज फाटला. त्यांनी घोट गिळला, पुन्हा धरला, पुन्हा तिथेच फाटला. तिसऱ्यांदा फक्त वारा आला. ओठ हलत होते आणि हातातले टाळ आपसूक वाजत होते.

"मधे कमळ धरून उभा, नाथा, तुझी आण," यशोदाबाईंनी शेजारून ओळ पुरी केली. भाजी निवडताना म्हणावी तशी, खालच्या पट्टीत, मान वर न करता. त्यांनी 'नाथा' नेहमीसारखाच थोडा लांबवला. मग बुवा काही म्हणतील म्हणून त्या थांबल्या.

बुवांनी टाळ त्या लांबलेल्या जागेपाशी थोडा रोखला, आणि ओळ खाली उतरली तशी सम दिली.

"पुढची येता?"

"येता तर. रोज ऐकतंय."

"आणि त्येच्या पुढची?"

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. असं काही त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

"शिरोड्याक निरोप धाडूक होयो," बुवा हळूच म्हणाले. "मास्तरांचां अक्षर बरां आसा."

त्यांनी टाळ पुन्हा जुळवले.

"पुढची म्हण."