हललेला खंड्या

खंड्या फांदीवर दगडासारखा बसला होता. चोच खाली, नजर पाण्यावर. कॅमेऱ्याच्या चौकटीत मात्र तो सारखा हिंदकळत होता, जणू फांदीखाली भूकंप चालला होता. धाकटीने श्वास रोखला, कोपरं बरगड्यांना टेकवली आणि बटण दाबलं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर निळ्या पाठीवर नुसते निळे फराटे आणि एका डोळ्याच्या जागी दोन.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यातून मापं यायची, ती मेणातून दात कोरायची, पोर्सेलिनचे थर कुंचल्याने चढवायची आणि भट्टीत भाजायची. तिने केलेला दात कुठला आणि मूळचा कुठला, हे त्या माणसाच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. सासरच्या दोन सुनांतली ती लहान, म्हणून धाकटी. पन्नाशी उलटली, मोठ्या जावेला नातवंडं झाली, तरी हिचं नाव धाकटीच. ‘आमचं अगदी हातावर पोट,’ असं ती गमतीने म्हणायची.

सुट्टीच्या सकाळी ती नदीवर जायची. नदी वळते तिथल्या उभ्या मातीच्या काठात छोट्या खंड्यांच्या जोडीने बीळ खणायला घेतलं होतं. समोरच्या झुडपांत जुना हिरवा पडदा बांधून तिने बसायला आडोसा केला होता. नर मादीला मासा भरवतो, तो क्षण तिला हवा होता. गेल्या वर्षी थोडक्यात हुकला होता. यंदा जोडी पुन्हा आली, आणि नेमके यंदा सगळे फोटो हलायला लागले.

आधी तिने उजेडाला नावं ठेवली. मग लेन्सला. एका संध्याकाळी कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे सगळं सामान घेऊन गेली. त्याने लेन्स उलटीसुलटी पाहिली, कॅमेरा स्टँडवर लावून समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढले आणि तिला दाखवले. पाटीवरच्या रंगाचे पोपडेसुद्धा मोजता येत होते.

“लेन्स एकदम ठणठणीत आहे, मॅडम. काळजीच करू नका.”

लेन्स ठणठणीत, म्हणजे बिघाड दुसरीकडे. धाकटीने काउंटरवरून हात काढून घेतले.

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस. साठीत त्यांचा हात थरथरू लागला. नुसते खुर्चीत बसलेले असले, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, गोळी वळल्यासारखे. मग पाट्या सुटल्या, मग सही सुटली, शेवटी चमचाही. आईने त्यांना किती वर्षं भरवलं, ते धाकटीने जवळून पाहिलं होतं.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. लॅबमध्ये मनगट टेबलाला रेटून काम करायचं असतं, त्यामुळे तिथे निभावत होतं. तरी एकदा मेणाची सुरी घसरली आणि होत आलेली दाढ वाया गेली. मालक म्हणाले, “काय धाकटीबाई, आज लक्ष कुठंय?” तिने हसून वेळ मारून नेली. घरी ती चहाचे कप अर्धेच भरू लागली. रात्री झोप लागेना, छाती धडधडायची. ते सगळं तिने काळजीच्या खात्यावर टाकलं.

अशातच अक्का राहायला आली. अक्का म्हणजे थोरली नणंद. तिच्या घरातले पाण्याचे पाइप बदलायला काढले होते. अक्काचा आवाज असा, की फोन न लावताही पलीकडच्याला ऐकू जावा.

“मीही येणार तुझ्या पक्ष्यांकडे,” पहिल्याच सकाळी तिने जाहीर केलं.

“अक्का, तिथं बोलता येत नाही हं.”

“मग काय झालं? मला काय गप्प बसता येत नाही?”

धाकटीचा नवरा वर्तमानपत्रामागे खोकला. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच त्याला पगार होता. पण घरात तो सहसा काही बोलून दाखवायचा नाही.

नदीवर अक्का खरोखरच बराच वेळ गप्प बसली. पडद्याच्या फटीतून तिने दुर्बीण लावली होती. नर आला, मादी आली.

“यातला नवरा कुठला?” तिने कुजबुजून विचारलं. तिची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं.

“खालची चोच लाल दिसते ना, ती बायको.”

“म्हणजे हिने लिपस्टिक लावलीय. बरं, पुढं?”

तेवढ्यात नराने सूर मारला. वर आला तेव्हा चोचीत चंदेरी मासा होता. तो त्याने फांदीवर दोनदा आपटला, फिरवून डोकं पुढे घेतलं आणि मादीकडे सरकत गेला. धाकटीने कॅमेरा उचलला. चौकटीत फांदी, पाणी, आभाळ, पुन्हा फांदी, पक्षी सापडेचना. सापडला तोवर मादीने मासा गिळला होता आणि दोघं उडून गेली होती.

“मिळाला का?” अक्काने विचारलं आणि दुर्बीण खाली घेतली. मग तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. “धाकटे, हात का थरथरतायत गं तुझे?”

“थंडी आहे.”

“थंडी? मी शाल गुंडाळून बसलेय आणि तुझ्या कपाळावर घाम आहे. खरं सांग.”

धाकटीने सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. लेन्स, वडील, गोळी वळणारी बोटं, वाया गेलेली दाढ, सगळं बाहेर आलं. नदीवर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बरं.

अक्काने तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, “डॉक्टरांना दाखवलंस?”

“त्यांनी तेच नाव घेतलं तर?”

“आणि नाही घेतलं तर? फुकटची झुरतेयस. ऊठ.”

“यांना सांगू नका, अक्का. एवढं ऐका माझं.”

“माझ्या पोटात काही राहत नाही, हे लग्नापासून माहीत आहे तुला. दुपारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगेन.”

घरी आल्यावर धाकटी नवऱ्यासमोर बसली. सुरुवात कशी करावी ते सुचेना.

“माझे हात—” ती म्हणाली.

“थरथरतात,” तो म्हणाला. “कप अर्धे भरतेस तेव्हापासून बघतोय. अंगठी, बांगड्या, सगळंच सैल झालंय तुला. मला वाटलं काहीतरी भयंकर आहे आणि तू मला सांगायचं टाळतेयस. विचारायचा धीर होईना.” त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. “काल दवाखान्यात फोन करून वेळ घेऊन ठेवलीय. तुला कसं सांगावं, तेवढंच राहिलं होतं.”

“घ्या!” अक्का दारातून म्हणाली. “दोघं एकाच घरात राहता, की दोन गावांत?”

डॉक्टरीणबाई मेंदूच्या विकारांच्या तज्ज्ञ होत्या. वयाने धाकटीच्या पुतणीएवढ्या. त्यांनी तिला चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, मनगट वाकवून पाहिलं. मग हात समोर धरायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडू लागला. धाकटीने डोळे मिटून घेतले.

“आता हात मांडीवर ठेवा. सैल सोडा.” बाई तिच्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. “वडिलांचे हात असे बसल्यावर हलायचे?”

“सारखे.”

“तुमचे बघा.”

धाकटीने डोळे उघडले. हात मांडीवर गपगार पडले होते.

“भूक कशी आहे?”

“दोन माणसांचं खाते,” अक्का म्हणाली, “आणि अंगाला मात्र काही लागत नाही.”

“उकडतं?”

“पंखा बंद करू देत नाही,” नवरा म्हणाला.

“झोप? धडधड?” आता धाकटीनेच उत्तरं दिली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली, पाणी गिळायला लावलं. “मला हा वडिलांचा आजार वाटत नाही. थायरॉईड वाढलेलं असावं. रक्त तपासू आणि मग नक्की सांगते.”

रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाचंच कशात लक्ष लागेना. अक्काने सगळी कपाटं आवरून टाकली. रिपोर्ट आला आणि बाईंनी तो पाहिल्याबरोबर मान डोलावली. “थायरॉईडच. गळ्यातली ग्रंथी जरा जास्तच जोरात काम करतेय. गोळ्या देते, मधूनमधून तपासायला यायचं. थरथर हळूहळू जाईल.”

“म्हणजे चमचा सुटणार नाही?” धाकटीने विचारलं.

“चमचा कशाला सुटेल?” बाई हसल्या.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. अक्काने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरून असे काही आभार मानले, की बाहेरच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. घरी परतताना धाकटी गाडीतच झोपली. कित्येक आठवड्यांत लागली नव्हती अशी गाढ.

गोळ्या लागू पडायला वेळ लागला. मधे एकदा तपासून मात्रा बदलावी लागली. लॅबमध्ये मालकांना तिने खरं काय ते सांगितलं, आणि काही दिवस बारीक काम दुसऱ्यांकडे दिलं. नदीवर ती मुद्दामच गेली नाही. मग एका सुट्टीला नवराच म्हणाला, “आज जाऊया? मीही येतो.”

अक्काच्या घरचे पाइप कधीच बदलून झाले होते, पण तीही आली.

जोडीचे लाडाचे दिवस संपले होते. बिळाच्या तोंडाखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसत होते. आत पिल्लं होती. नर मासा घेऊन काठावर आला.

“हा का गिळत नाहीये?” नवऱ्याने विचारलं.

“माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला धरलंय, बघा. पिल्लाच्या घशात सरळ जावं म्हणून. स्वतःला खायचा असता, तर उलटा धरला असता.”

बोलता बोलता तिने कॅमेरा उचलला होता. चौकटीत खंड्या होता आणि तो जिथल्या तिथे होता. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पक्षी बिळात शिरला, उलटा बाहेर आला, पाण्यात एक बुडी मारून अंग धुतलं आणि निघून गेला.

तिने छोट्या पडद्यावर फोटो मोठा केला. माशाचे खवले दिसत होते. खंड्याच्या चोचीवरचा पाण्याचा थेंबही.

“दाखव, दाखव,” अक्का म्हणाली आणि तिने तो इतका जवळून पाहिला की पडद्यावर नाकाचा ठसा उमटला. “अगं बाई! नीट आलाय की.”

“नीट आलाय,” धाकटी म्हणाली. तिने थर्मास उघडला आणि चहा ओतायला घेतला. नवऱ्याने कप पुढे केला. तिने तो काठोकाठ भरला.

“अगं, बास, बास, भाजेल!” तो ओरडला, आणि पलीकडच्या झुडपातून एक बगळा दचकून उडाला. अक्का म्हणाली, “आणि मला म्हणता, आवाज करू नका.”