टॉर्चच्या सेलवरची हाक

सदाशिवराव मोठे आळशी गृहस्थ. नवा मोबाइल आला तेव्हा त्यांनी त्यात स्वतःचाच आवाज भरून ठेवला, "हेमा, पाणी आण गं!" खुर्चीत बसल्या बसल्या बटण दाबायचे, की हेमावतीबाई स्वयंपाकघरातून भांडं घेऊन हजर. एवढं करून तळाशी एक घोट उरवायचेच. "सांडायला आणते का मी?" म्हणून बाई रोज करवादायच्या.

शेवटी दवाखान्यात ते पाणीच मागत राहिले. थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि बाईंनी ते शहाण्यासारखं ऐकलं. तोंडात गंगा घालायच्या आत सगळं आटोपलं. ते बाईंच्या जिवाला फार लागलं.

वर्ष लोटलं. तो आवाज पुन्हा ऐकावा, एवढाच बाईंना ध्यास. पण फोनची बॅटरी फुगलेली, आणि तसली अख्ख्या हुबळीत मिळेना. अखेर धाकटे दीर मुकुल गोकुळ रोडवरचं आपलं वर्कशॉप सोडून मळमड्डीला बाईंच्या घरी आले. त्यांनी टॉर्चचे तीन सेल चिकटपट्टीनं बांधले, दोन वायरी फोनला जोडल्या. पडदा उजळला.

"हेमा, पाणी आण गं!"

बाई सवयीनं अर्ध्या उठल्या. मग भावजी काय म्हणतील, या लाजेनं डोळे पुसत तशाच खाली बसल्या.

चार-सहा दिवसांनी भर दुपारी त्यांनी मुकुलना बोलावून घेतलं. "भावजी, बटण न दाबताच बोलतोय हो हा."

मुकुलनी फोन हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. सेल कधीच गळले होते. वायरी सुटून लोंबत होत्या, तरी पडदा उजळलेला होता.

"हेमा... पाणी..."

भरून ठेवलेला आवाज ठणठणीत होता. हा घसा कोरडा पडलेला, दवाखान्यातला.

"अय्यो! वैनी, टाका हो ते बाहेर!"

"गप्प बसा. त्यांना तहान लागलीय."

बाईंनी भांडं काठोकाठ भरून फोनपाशी ठेवलं. दोघं बघत राहिली. कुणी हात लावला नव्हता, तरी पाणी हळूहळू खाली जात होतं. तळाशी एक घोट उरला आणि पडदा विझला.

मुकुलनी नवे सेल जोडून पाहिले. काही उजळलं नाही. तो आवाज गेला तो गेलाच.

बाईंनी भांडं उचललं. "सांडायला आणते का मी?" त्या म्हणाल्या, आणि रडत रडत तो घोट पिऊन टाकला.